पत्राशिवाय आलेली

रिबकाताई एसटीतून उतरली तेव्हा तिचा उजवा हात जुन्या साडीच्या चिंधीने गळ्यात अडकवलेला होता. सामान काही नव्हतं. पायात चपलासुद्धा नव्हत्या. शनिवारची दुपार होती, वडनेरच्या स्टँडसमोर मी सायकलचं पंक्चर काढून घेत उभा होतो, आणि खरं सांगतो, आधी मी मान फिरवली. मला वाटलं, कुणी मागणारी बाई आहे.

"ओबेद," ती म्हणाली.

माझी सख्खी थोरली बहीण. चार वर्षांपूर्वी कोळपिंप्रीच्या अमोस रणभिसेला दिलेली.

"ताई! हाताला काय झालं?"

"घरी चल. इथं नको."

मी चाक तसंच दुकानात टाकलं आणि तिच्याबरोबर चालू लागलो. उन्हाने रस्ता तापला होता. माझ्या चपला घाल म्हटलं तर ती ऐकेना. अख्ख्या रस्त्यात ती एवढंच बोलली, "बाबा घरी आहेत ना? मला आज बाबाच पाहिजेत."

बाबा ओट्यावर होते. बाबा म्हणजे शांतवन मकासरे, जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर आणि वडनेरच्या मंडळीचे थोरले वडीलजन. शेजारी गिदोनभाऊ ओहोळ, मंडळीचे दुसरे वडीलजन, जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. गिदोनभाऊंचा पुतण्या पुण्याला नोकरीला चालला होता, त्याचं पत्र लिहिणं चाललं होतं. ताईला पाहून दोघेही उठले. गिदोनभाऊ चष्मा सारखा करत दोन पायऱ्या उतरले, तिच्या हाताकडे पाहिलं, अनवाणी पायांकडे पाहिलं आणि विचारलं,

"पत्र आनलं का गं, पोरी?"

ताई हसली. ते हसू आठवलं की आजही मला कसंतरी होतं.

"हात मोडलाय, गिदोनभाऊ," ती म्हणाली. "पत्र कुठल्या हातानं आणू?"

आमची मंडळी कडक होती. पाळक नाही, क्रूस नाही, पेटी-तबला नाही. बायकांनी डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि सभेत तोंड उघडायचं नाही. मतदान करायचं नाही, सिनेमा पाहायचा नाही. आणि सगळ्यात वरची गोष्ट म्हणजे प्रत्येक गावची मंडळी स्वतंत्र. वर प्रभू, खाली मंडळी, मध्ये कुणीही नाही. ना बिशप, ना मिशन, ना कचेरी. गावागावांना जोडणारा एकच धागा, तो म्हणजे पत्र. दुसऱ्या गावी गेलात तर आपल्या मंडळीचं पत्र न्यायचं. हा आमच्यातला आहे, याला प्रभूच्या मेजाला बसवा, असं त्यात लिहिलेलं असायचं. पत्र असलं की भाकर आणि प्याला मिळणार. पत्र नसलं की भिंतीलगतचा मागचा बाक, आणि भाकरीचं ताट तुमच्या नाकासमोरून पुढे जाणार. मग तुम्ही त्याच गावात जन्मलेले का असेनात.

बाबांना या स्वातंत्र्याचा फार अभिमान होता, आणि तो उगाच नव्हता. तरुणपणी ते मिशनच्या शाळेत मास्तर होते. एकदा वरच्या साहेबाने एका गरीब शिपायाला चौकशीशिवाय चर्चमधून काढलं. बाबांनी त्याची बाजू घेतली, तर साहेब म्हणाला, तुम्ही गप्प बसा, निर्णय वरून आलाय. बाबांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. चार कुटुंबं घेऊन चिंचेच्या झाडाखाली मंडळी सुरू केली. दोन वर्षं आईने लोकांच्या शेतात खुरपणी केली तेव्हा घर चाललं. वरून काही येणार नाही, असं ते आम्हांला सांगत तेव्हा त्यांची मान ताठ व्हायची. लहानपणी मला माझा बाप राजासारखा वाटायचा.

आई आतून धावत आली. "काय गं हे? कुनी केलं?" असं म्हणत तिने ताईला ओट्यावर बसवलं. गिदोनभाऊंनी चिंधी सोडली. कोपरापासून मनगटापर्यंत हात सुजून काळानिळा झाला होता. मनगटाच्या वर हाड सरकलेलं साध्या डोळ्यांनी दिसत होतं. गिदोनभाऊंनी बोटांनी चाचपलं.

"मोडलंय," ते म्हणाले. "पडलीस व्हय?"

"नाही. त्यांनी दार लावून घेतलं आणि मुसळानं मारलं."

"अमोसनं?"

"दुसरं कोण हात उचलणार?"

गिदोनभाऊ कामाला लागले. त्यांनी मला बांबूच्या कामट्या आणायला पाठवलं. त्या तासून, कापूस लावून त्यांनी हात नीट बांधला. माणूस हाताचा हळुवार होता, हे कबूल केलं पाहिजे. बैलाचा पाय बांधावा तितक्या काळजीने त्यांनी माझ्या बहिणीचा हात बांधला आणि हात धुऊन पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले.

"सासऱ्यांना सांगितलंस का?" बाबांनी विचारलं.

"तीनदा गेलते. तेच तिथले वडीलजन. पहिल्यांदा म्हणाले, प्रार्थना कर. दुसऱ्यांदा म्हणाले, तोंड सांभाळ. तिसऱ्यांदा म्हणाले, घरातली गोष्ट मंडळीत आणशील तर तुलाच बाहेर ठेवावं लागेल."

"मग तू न विचारता आलीस."

"पहाटे ते शेतावर गेले तेव्हा निघाले. विचारायचं कुणाला, बाबा? ज्यानं मारलं त्याला, का त्याच्या बापाला?"

बाबांनी समोरचं अर्धवट पत्र बाजूला ठेवलं. मग त्यांनी शाळेत धडा समजावतात त्या आवाजात सुरू केलं, "हे बघ, रिबका. कोळपिंप्रीची मंडळी स्वतंत्र आहे. त्यांच्यातल्या भावाचा न्याय करायचा अधिकार आपल्याला नाही. आपण त्यांच्यावर बसलो, तर मग मिशनच्या साहेबात आणि आपल्यात फरक काय राहिला?"

"मी न्याय मागतच नाही. अमोसला काही करू नका. मला फक्त उद्या मेजाला बसवा."

"पत्राशिवाय?"

"तुम्ही स्वतंत्र आहात ना? मग ठरवा की. तुम्हांला कोण विचारणार आहे?"

 ताई काय मागत होती ते ओट्यावरच्या प्रत्येकाला कळलं होतं. मेजाला बसवलं म्हणजे ती निर्दोष ठरली. मग तिला माहेरी राहता येईल, कुणाची बोलायची हिंमत नाही. नाही बसवलं, तर ती बाहेरची. बाहेर काढलेल्या माणसाबरोबर आमच्यात एका पंक्तीला जेवत नाहीत, वडीलजनाच्या घरात तर त्याला ठेवूनच घेत नाहीत. मग तिला एकच घर उरत होतं, आणि त्या घरात मुसळ होतं.

"उद्या पाहू," बाबा म्हणाले. "प्रभू मार्ग दाखवील."

मी बावीस वर्षांचा होतो. मला ते 'पाहू' होकारासारखं वाटलं. बाप आहे शेवटी, असं मी मनात म्हटलं.

प्रभूच्या मेजाची भाकर आमच्याच घरी व्हायची. दर शनिवारी संध्याकाळी आई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून गव्हाचं पीठ मळायची आणि तव्यावर एकच जाड भाकर भाजायची. त्या वेळी स्वयंपाकघरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. त्या दिवशी ताई चुलीजवळ पाटावर बसली होती. मी पाणी प्यायला आत गेलो.

"उद्या खाशील तू यातलं," आई तिला सांगत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ओबेद, ताट तुझ्याच हातात असतं ना रे आता?"

दोन महिन्यांपूर्वीच मला ते काम मिळालं होतं. भाकर मोडून झाली की ताट घेऊन एकेका बाकापुढे जायचं. तरुणांमध्ये पहिला मान माझा होता आणि मी त्यासाठी नवा पांढरा सदरा शिवून घेतला होता.

"हो," मी म्हटलं.

"मग झालं," आई म्हणाली.

रविवारी सकाळी आठ वाजता अमोस आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हातात एक डझन केळी. "सलाम, मामा," म्हणून त्याने बाबांना वाकून नमस्कार केला, केळी आईच्या समोर ठेवली, माझ्या पाठीवर थाप मारली. "काय मेव्हणे, तब्येत सुधारली." त्याच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. ताई आतल्या दारात उभी होती. तो तिला म्हणाला, "हात फार दुखतो का गं?" जणू ती विहिरीवर घसरून पडली असावी.

ताईने बांधलेला हात पदराखाली घेतला.

"कालपासनं घरात चूल नाही," तो आम्हांला सांगू लागला, "म्हाताऱ्याचे हाल झाले. रागाच्या भरात मी बोललो असेन, माणूसच आहे. पण घर सोडून पळायचं म्हणजे मंडळीत साक्ष बिघडते हो, चार लोकांत नाव जातं."

मग त्याने खिशातून पाकीट काढून बाबांना दिलं. बाबांनी पत्र वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. आईने विचारलं, "काय लिहिलंय?" बाबा म्हणाले, "सभेत वाचतो."

सभेचं घर म्हणजे पत्र्याची लांब खोली. मध्यभागी मेज, त्यावर पांढरं कापड, भाकर आणि प्याला. मेजाच्या तिन्ही बाजूंना बाक, डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. दाराजवळ भिंतीला मागचा बाक. त्या दिवशी त्यावर ताई एकटी बसली, पदर डोक्यावर, कामट्या बांधलेला हात मांडीवर. अमोस बाबांशेजारी पहिल्या बाकावर बसला. त्याला जागा द्यायला गिदोनभाऊ सरकले.

आलेलं पत्र सभेच्या सुरुवातीला सगळ्यांपुढे वाचायचा रिवाज होता. बाबा उभे राहिले. त्यांचा आवाज शाळेत घंटेपर्यंत पोचायचा, त्या दिवशी मेजापर्यंतही नीट पोचेना.

"कोळपिंप्रीच्या मंडळीकडून वडनेरच्या मंडळीला सलाम. आमचा प्रिय भाऊ अमोस रणभिसे आमच्यामध्ये शुद्ध साक्षीने चालत आहे. आपण त्याचा प्रेमाने स्वीकार करावा." बाबा थांबले.  "बहीण रिबका हिने मंडळीला न विचारता पतीचं घर सोडल्यामुळे तिला सहभागितेतून बाहेर ठेवलं आहे. ती पश्चात्ताप करून परत येईपर्यंत कुणी तिला स्वीकारू नये."

खाली दोन सह्या होत्या. पहिली अमोसच्या बापाची. बाबांनी तीही वाचली.

"पत्र रीतसर आहे," गिदोनभाऊ बसल्या जागेवरून म्हणाले. "मंडळी स्वतंत्र हाये. तिचा निर्णय आपल्याला मान्य."

काल दुपारी स्वतःच्या हाताने कामट्या बांधणारा माणूस हे म्हणत होता. मी बाबांकडे पाहिलं. ते पत्राच्या घड्या घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते.

"बाबा," मागून आवाज आला.

अख्खी सभा वळली. त्या खोलीत बाईचा एकटीचा आवाज त्याआधी मी कधीच ऐकला नव्हता. ताई उभी राहिली होती.

"बहिणी, खाली बस," गिदोनभाऊ म्हणाले.

"बसते. एकच विचारायचंय." ती बाबांकडेच पाहत होती. "दोन वर्षांमागं कोळपिंप्रीला एका लग्नात पेटी वाजली. तेव्हा वडनेरनं आमची पत्रं सहा महिने घेतली नाहीत. मी बाळंतपणाला आले होते, पत्र घेऊन आले होते, तरी मला याच बाकावर बसवलं. आठवतंय ना, बाबा? माझं मूल गेलं तेव्हाही मी या बाकावरच होते. तेव्हा कोळपिंप्री स्वतंत्र नव्हती का?"

गिदोनभाऊ चष्मा पुसू लागले.

"पेटी वाजली तर पत्र चालत नाही, आणि हात मोडला तर चालतं?"

ते सगळं खरं होतं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते आठवत होतं. त्या पेटीवर आमच्यात तीन बुधवार चर्चा झाली होती. गिदोनभाऊंनी तावातावाने भाषण केलं होतं की शेजारच्या मंडळीत कुजलं तर वास आपल्यापर्यंत येतो. मी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, कारण आमच्यात टाळ्या वाजवत नाहीत. नाहीतर वाजवल्या असत्या.

"ही जागा वादाची नाही," बाबा अखेरीस म्हणाले. त्यांनी ताईकडे पाहिलं नाही. "आपण प्रार्थनेने सुरुवात करू."

  मी उठलो नाही. माझ्या अंगात नवा सदरा होता आणि थोड्या वेळात मला ताट फिरवायचं होतं.

प्रार्थनेला अमोस उभा राहिला. आमच्यात ज्या भावाला प्रेरणा होईल त्याने प्रार्थना करावी, असं होतं, आणि पाहुण्याने केली तर सगळ्यांना बरं वाटायचं. त्याने डोळे मिटले, हात जोडले. प्रभू, तुझं शरीर आमच्यासाठी मोडलं गेलं, असं तो म्हणाला. तू एक शब्द बोलला नाहीस, तू मुकाट्याने सोसलंस, असं म्हणून तो खरोखर रडायला लागला. गालांवरून पाणी ओघळलं. दोन-तीन भाऊ 'आमेन' म्हणाले. एका म्हातारीने पदराने डोळे पुसले. मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. जाड, केसाळ, स्वच्छ नखांचा हात. इतकी शिसारी मला आयुष्यात पुन्हा कशाची आली नाही, आणि त्यात मी पुढे अकरा वर्षं आणखी त्याच खोलीत बसलो आहे.

गिदोनभाऊंनी आभार मानून भाकर मोडली. ताट माझ्या हातात आलं.

मी आधी बाबांपुढे धरलं. त्यांनी तुकडा घेतला. मग अमोस. त्याने डोळे न उघडता अचूक तुकडा उचलला. मग पुरुषांचे बाक. पुरुषांकडून बायकांकडे जायला दाराजवळून, मागच्या बाकाला लागून वाट होती. मी वळलो तेव्हा ताई उभीच होती.

तिने डावा हात पुढे केला.

आम्ही दोघं लहानपणी एका ताटात जेवलेले. मला ताप आला की ती मला भरवायची. तिचा हात ताटाच्या काठाला लागला, आणि मी ताट मागे ओढलं. नुसतं पुढे निघून गेलो नाही, तर ओढलं, दोन्ही हातांनी, छातीपाशी. एक तुकडा उडून जमिनीवर पडला.

ताई माझ्याकडे पाहत होती. रागाने नाही. तिने अगदी हळू विचारलं, फक्त मला ऐकू जाईल असं, "ओबेद, तू भिलास का तुला हे पटतंय?"

"बस ना खाली, ताई," मी म्हणालो. "सगळे बघतायत."

ती बसली. मी खाली पडलेला तुकडा उचलला, सदऱ्याला पुसला, ताटात ठेवला आणि बायकांच्या बाकाकडे गेलो. पहिली आई होती. मी तिच्यापुढे ताट धरलं. तिने ताटाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"ने पुढं," ती म्हणाली.

"आई, घे ना."

"ने म्हनते ना."

ती उठली. पदर खांद्यावर पडला, तो तिने पुन्हा डोक्यावर घेतला नाही. बाकांमधून चालत ती मागे गेली आणि ताईचा चांगला हात धरून तिला उभं केलं.

"अहो, बसा तुम्ही," बाबा म्हणाले. चारचौघांत ते आईला अहोजाहो करत.

"इतकी वर्सं बसलेच होते की," आई म्हणाली.

अमोस आता उठला. "मामी, तिला कुठं नेता? माझी बायको आहे ती."

आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने बाबांनाच विचारलं, "तुमी येताय का?"

बाबांच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. त्यांनी तो तोंडात घातला नव्हता. क्षणभर मला वाटलं, ते उठतील. ज्या माणसाने एका शिपायासाठी नोकरी सोडली होती, तो उठेल. मी उठलेला बाप पाहायला आतुर होतो, ताट हातात तसंच धरून. बाबांनी तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटून चावू लागले.

दोघी गेल्या. दार उघडंच राहिलं, त्यातून ऊन आत आलं. अमोस दोन पावलं पुढे गेला होता, पण सगळे आपल्याकडे पाहताहेत हे लक्षात येऊन परत बसला. कुणी तरी गाणं धरलं. मी उरलेल्या बायकांपुढे ताट फिरवलं. एकही बाक चुकवला नाही.

दुपारी घरी आम्ही दोघंच. चूल थंड होती. बाबांनी केळ्यांची फणी माझ्याकडे सरकवली आणि आम्ही दोघांनी अमोसची केळी खाल्ली. मला वाटलं होतं, ती घशाखाली उतरणार नाहीत. उतरली. मी पाच खाल्ली.

आई ताईला आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली आणि तिथून संगमनेरला मावशीकडे. मावशी बिशपांच्या चर्चमधली, म्हणजे आमच्या हिशेबाने अर्धी अंधारात. अमोस दोनदा तिच्या दारात गेला. दुसऱ्या वेळी मावशीच्या नवऱ्याने पोलिसांचं नाव काढलं, मग तो आला नाही. ताई कोळपिंप्रीला परत कधीच गेली नाही. हे सगळं मला नंतर कळलं, दुसऱ्यांकडून. त्या आठवड्यात घरात फक्त एक चिठ्ठी आली होती. 'हात प्लास्टरात आहे. मी इथंच राहते. ओबेदनं जेवून घ्यावं.' आईला लिहिता येत नव्हतं, तिने मावशीच्या मुलीकडून लिहून घेतली होती. बाबांनी ती वाचली आणि कुठेतरी ठेवली, मला पुन्हा दिसली नाही.

पुढच्या रविवारी सभा संपल्यावर भावांना थांबायला सांगितलं. बायका मुलांना घेऊन बाहेर गेल्या. आम्ही चौदा पुरुष राहिलो. गिदोनभाऊ उभे राहिले आणि म्हणाले की गेल्या रविवारी मेजापुढे जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. एक बहीण भाकर नाकारून, डोकं उघडं टाकून, बाहेर ठेवलेल्या व्यक्तीबरोबर निघून गेली आणि अजून तिच्याचबरोबर एका पंक्तीला जेवते आहे. मंडळीने काय करावं?

कुणी नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरज नव्हती.

"ती अजून आपल्यातच हाये," एक म्हातारे भाऊ म्हणाले. "दुसऱ्या मंडळ्यांतल्या वडीलजनांना एकदा विचारून घ्यावं का? शांतवनभाऊंच्या घरातली गोष्ट हाये, म्हनून म्हनलं."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांना पळवाट मिळाली होती. नुसतं 'हो, विचारू' म्हटलं असतं तरी दोन-तीन महिने सहज गेले असते. पत्रं गेली असती, उत्तरं आली असती, लोक विसरले असते.

बाबांनी मान ताठ केली.

"विचारायची काय गरज?" ते म्हणाले. "आपली मंडळी स्वतंत्र आहे."

मग त्यांनीच आईचं नाव उच्चारलं, पूर्ण, तिच्या वडिलांच्या नावासकट. तिला बाहेर ठेवणं ज्यांना मान्य असेल त्यांनी उभं राहावं, असं सांगितलं आणि स्वतः आधी उभे राहिले. गिदोनभाऊ उठले. मग एकेक बाक उठला. लाकूड करकरलं तेवढाच आवाज. सगळं मिळून दहा मिनिटं लागली नसतील. कुणी कुणाला दरडावलं नाही, कुणाचा हात धरून उठवलं नाही. बसून राहिलो असतो तर मला कुणी काही करणार नव्हतं.

मी तेरावा उभा राहिलो. चौदावे ते म्हातारे भाऊ होते आणि ते माझ्याकडे पाहत होते. मी उठलो, तेव्हा तेही उठले.